पंप-नोझलच्या आधी टाकीचं झाकण

काल रात्री फोनवर तू गाडीचं सांगत होतीस, तेव्हा मी मुद्दामच मध्ये बोलले नाही. सकाळी दहा-दहा वेळा सेल्फ मारावा लागतो, आंबा घाटात पेट्या भरलेल्या असताना गाडीने दम सोडला, आणि गॅरेजमध्ये बॉनेट उघडल्यावर दोन मिनिटांत निकाल लागला की पंप-नोझल काढावे लागतील. आकडा सांगताना तुझा आवाज खाली गेला गं. तेव्हाच ठरवलं, आज निवांत बसायचं आणि तुला सगळं सांगायचं. आंब्याचा हंगाम तोंडावर, गाडीचा हप्ता चालू. अशा वेळी माणूस घाबरून हो म्हणतं. मीही म्हटलं होतं.

आमची पहिली पिकअप आठवते ना तुला? देवरूखहून निघालो की घाट छान चढायची आणि मलकापूरच्या अलीकडे कुठेतरी गपकन बंद. अर्धा तास बाजूला उभी केली की पुन्हा निमूट चालू. तुझे भावोजी कंटाळले आणि आम्ही पंप उतरवून दिला. पंप कॅलिब्रेट झाला, चारही नोझल नवे पडले, त्या वर्षीचं अर्धं भाडं त्यात गेलं. पुढच्याच खेपेला गाडी त्याच जागी बंद. तिथल्या चहाच्या टपरीवर एक म्हातारे ट्रकवाले बसले होते. ते उठून आले आणि म्हणाले, "बाई, बॉनेट राहू दे, टाकीचं झाकण उघडा." झाकण फिरवलं तशी सूंऽऽ करून हवा आत ओढली गेली. मला अजून तो आवाज ऐकू येतो. टाकीला हवा घेणारी बारीक नळी असते, तिच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. उदबत्तीच्या काडीने ती बोटाच्या पेराएवढी माती काढली आणि गाडी कोल्हापूरपर्यंत न थांबता गेली.

पत्र्याच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं डचकत, अडखळत येतं! दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. टाकीचंही तेच. डिझेल जेवढं बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही की टाकीत ओढ तयार होते आणि एका क्षणी पंपाला डिझेल खेचणंच जमत नाही. उभं राहिल्यावर हवा हळूहळू झिरपते आणि गाडी पुन्हा चालते. आता सांग, यात नोझलचा काय दोष होता?

म्हणून माझं तुला एवढंच सांगणं आहे की टाकीपासून इंजिनाकडे चालत जायचं. डिझेल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने. टाकीतली जाळी, तिथून निघणारा पाईप, मध्ये हाताने दाबायचा रबरी फुगा किंवा फिल्टरच्या डोक्यावरचा हॅन्ड प्रायमर, मग फिल्टर, मग पंप, मग रेल, मग नोझल, आणि उरलेलं डिझेल रिटर्न पाईपने पुन्हा टाकीत. स्वस्त वस्तू सगळ्या टाकीच्या बाजूला आहेत आणि महाग सगळ्या इंजिनाच्या बाजूला. गॅरेजवाला महागड्या टोकाकडून सुरुवात करतो तेव्हा तो लबाडच असतो असं मी म्हणणार नाही. त्याला गाडी लवकर मोकळी करायची असते. पण पैसे तुझे जातात, तेव्हा चालायची दिशा तू ठरव.

त्याआधी धुराकडे बघायची सवय लाव. सकाळी ड्रायव्हर सेल्फ मारत असताना तू मागे जाऊन सायलेन्सरपाशी उभी राहा. सेल्फ फिरतोय, गाडी चालू होत नाही, आणि धूर अजिबात नाही, तर इंजिनात डिझेल पोचतच नाहीये. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये, मग शोध वेगळा. थंडीत ग्लो प्लग, नाहीतर काँप्रेशन. आणि घाटात काळा धूर ओकत असेल तर डिझेल कमी पडत नसून हवा कमी पडतेय. एअर फिल्टर बघ, टर्बोचा होज फाटलाय का बघ. तुझ्या घाटातल्या प्रसंगी धूर कसा होता ते ड्रायव्हरला नीट विचार. तो म्हणेल, "ताई, लक्ष नाही दिलं." पुढच्या वेळी द्यायला सांग.

बॅटरीही बघून घे, कारण तुझी गाडी २०१८ ची, म्हणजे बीएस-फोरची, कॉमन रेलवाली. सेल्फ मंद फिरला तर रेलमध्ये पुरेसा दाबच तयार होत नाही आणि संगणक नोझल उघडत नाही. दिवे मंद होत असतील तर आधी बॅटरीचे टर्मिनल घास आणि पुढे बोल.

आता सकाळचा त्रास. तू म्हणालीस, दिवसभर एकदा चालू झाली की मग अर्ध्या सेल्फात उठते, फक्त रात्रभर उभी राहिली की छळते. अगं, हे ऐकलं आणि मला तुझं अंगण डोळ्यापुढे आलं. गेटातून आत चढ आहे आणि गाडी तोंड वर करून उभी असते. टाकी खाली, इंजिन वर. कुठे बारीक फट असली की रात्रभर पाईपातलं डिझेल सावकाश टाकीकडे उतरतं आणि त्याच्या जागी हवा शिरते. आपल्याकडे म्हणतात ना, गाडीने एअर घेतली, ते हे. गंमत अशी की ही फट बाहेरून दिसत नाही. पंप खेचतो त्या बाजूला पाईपात ओढ असते, त्यामुळे तिथून डिझेल गळायच्या ऐवजी हवा आत जाते. खाली थेंब पडलेला नसतो, आणि सगळे म्हणतात लिकेज नाही.

दोन साध्या गोष्टी करून बघ. आज रात्री गाडी तोंड खाली करून लाव, हँडब्रेक ओढ, गिअरमध्ये ठेव आणि चाकाला दगड लाव. सकाळी चटकन चालू झाली तर अर्धं उत्तर मिळालं. दुसऱ्या रात्री नेहमीसारखी वर तोंड करून लाव, आणि सकाळी सेल्फ मारायच्या आधी बॉनेट उघडून तो रबरी फुगा दाब. पंधरा-वीस वेळा दाबल्यावर तो कडक होतो, बाळाच्या दुधाने भरलेल्या पोटासारखा. कडक झाला की सेल्फ मार. पहिल्या फटक्यात चालू झाली तर पंप-नोझल बिचारे ठीक आहेत, डिझेल रात्री मागे गेलं होतं. फुगा कितीही दाबला तरी मऊच राहिला तर कुठूनतरी हवा खेचतोय. आणि दाबल्यावर चपटाच राहिला, फुगून वर येईना, तर टाकीकडून येणारी वाट बुजलीय. एका फुग्यावर एवढं कळतं. मी तर कुठल्याही गाडीला आधी तिथेच हात लावते.

हवा शिरते कुठून? बहुतेक वेळा फिल्टरपाशी. फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग तशीच राहते किंवा नवी वेडीवाकडी बसते. बॅन्जो बोल्टखालचे तांब्याचे वायसर पुन्हा पुन्हा वापरले जातात आणि चपटे होऊन धरत नाहीत. फिल्टरच्या तळाचा पाणी सोडायचा स्क्रू अर्धवट आवळलेला असतो. नाहीतर टाकीकडून येणारा रबरी पाईप चासीला घासून चिरतो, किंवा क्लिप सैल होते. नेमकी जागा शोधायला मी पारदर्शक नळीचा हातभर तुकडा ठेवते. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये तो बसवायचा, गाडी चालू करायची आणि बघायचं. सुरुवातीला चार बुडबुडे जाणारच. पण मिनिटभराने डिझेल काचेसारखं स्वच्छ वाहायला हवं. मोत्यांच्या माळेसारखे बुडबुडे चालूच राहिले तर तीच नळी फिल्टरच्या अलीकडे बसवायची. तिथे बुडबुडे नसले तर हवा फिल्टरच्याच डोक्यातून शिरतेय. तिथेही असले तर टाकीच्या बाजूने शोधत जायचं. काम झालं की नळी काढून टाकायची, ती कायमची ठेवायची वस्तू नाही. उन्हाने आणि डिझेलने कडक होऊन तडकते.

जुन्या पंपाच्या गाडीत फिटर लोक नोझलच्या पाईपचा नट ढिला करून एअर काढत, ते तूही पाहिलंयस. तुझ्या गाडीत कुणी तसं करायला लागला तर सरळ त्याचा हात धर. तुझ्या मागच्या टायरात साठ-पासष्ट पौंड हवा असते. या रेलमध्ये दाब १६०० बारपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे त्याच हिशोबाने तेवीस हजार पौंडांच्या घरात. त्या दाबाची बारीक चिळकांडी कातडीतून आत शिरते. वर फक्त सुई टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आत डिझेल पसरत जातं. बोट, हात जायची वेळ येते. तसं काही झालंच तर चोळत बसायचं नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरांना सांगायचं की दाबाने डिझेल आत गेलंय. रेलच्या बाजूचं काम आपण करायचं नाही. आपलं राज्य फिल्टरपर्यंत.

आता घाट. मोकळी गाडी नीट पळते, भरली आणि चढ लागला की मरते, हा त्रास सहसा वाट अरुंद झाल्याचा. चढावर इंजिनाला जास्त डिझेल हवं आणि तेवढं येत नाही. फिल्टर चोकअप असेल, टाकीतली जाळी भरली असेल, किंवा रबरी पाईपाचं आतलं अस्तर सुटून ओढीने बंद होत असेल. हा शेवटचा फार फसवतो, कारण बाहेरून पाईप धडधाकट दिसतो. आणि माझ्या कुंभारणीला विसरू नकोस. पुन्हा घाटात गाडी मेली तर ड्रायव्हरला सांग, कडेला सुरक्षित घेऊन सगळ्यात आधी झाकण उघडून कान लावायचा. अर्ध्या तासाने उघडून काही कळत नाही, तोवर हवा शिरलेली असते.

फिल्टर मात्र तू स्वतः बदलून घे, आणि तुझ्या डोळ्यांसमोर. जुना फेकायचा नाही. त्यातलं डिझेल एका काचेच्या बरणीत ओत, लोणच्याची धुऊन कोरडी केलेली चालेल, पुन्हा लोणच्याला मात्र वापरू नकोस. दहा मिनिटं हलवू नकोस. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसते. गेल्या खेपेला शेजारच्यांच्या गाडीचं असंच काढलं, तर तळाला बोटभर पाणी आणि त्या रेघेवर काळपट, शेवाळासारखे तंतू लोंबत होते. ते खरंच सजीव असतं. पाणी आणि डिझेल भेटतात त्या सीमेवर जंतू वाढतात आणि तो चिकट गाळ जाळी नि फिल्टर बुजवतो. नुसता फिल्टर बदलून ते जात नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. बरणीत तांबूस गाळ दिसला तर टाकी आतून गंजतेय. आणि चंदेरी चमक दिसली, अभ्रकासारखी, तर मात्र थांब. तो पंप झिजल्याचा चुरा असू शकतो. तसं असेल तर गॅरेजवाला बरोबर बोलतोय, आणि मग फक्त पंप बदलूनही चालत नाही. रेल, पाईप, नोझल, टाकी सगळं साफ व्हायला हवं, नाहीतर तोच चुरा नवा पंप खातो.

तुझ्या गाडीबद्दल मला पाण्याचाच जास्त संशय आहे. मूळ मालकाच्या दारात ती अख्खा पावसाळा उभी होती म्हणालीस. आपल्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, भिंतींनासुद्धा घाम फुटतो. अर्धी रिकामी टाकी म्हणजे आत अर्धी टाकी दमट हवा. रात्री पत्रा गार झाला की आतून दव धरतं आणि थेंब थेंब तळाला जमतं. म्हणून जूनमध्ये गाडी उभी करायच्या आधी टाकी भरून ठेव. महिन्यातून एकदा फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला करून अर्धा पेला डिझेल वाटीत काढ आणि बघ, आणि स्क्रू आवळल्यावर फुगा दाबून एअर काढ. फिल्टरमध्ये पाणी साठल्याचा दिवा डॅशबोर्डवर लागला तर त्याच दिवशी. उद्यावर नको, पाण्याने पंप आणि नोझल खरोखर खराब होतात. या पंपाला वेगळं ऑइल नसतं गं, डिझेल हेच त्याचं वंगण. म्हणूनच टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत पळवायची नाही, आणि चालू होत नाही म्हणून सेल्फ मिनिटभर दाबून धरायचा नाही. दहा सेकंद मार, अर्धा मिनिट थांब.

नवा फिल्टर बसवताना कुणी मधल्या भोकातून बाटलीतलं डिझेल ओतून भरू लागला तर नको म्हण. मधली बाजू ही गाळून झालेल्या डिझेलची. तिथे न गाळलेलं ओतलं की कचरा थेट पंपात. कोरडाच बसवून फुग्याने भरून घ्यायचा, वेळ लागला तर लागू दे.

हे सगळं करूनही त्रास राहिला तर फिटरला डब्याची परीक्षा करायला सांग. स्वच्छ पाच लिटरच्या कॅनमध्ये ताजं डिझेल, त्यातून एक पाईप नव्या फिल्टरला आणि रिटर्नचा पाईपही त्याच कॅनमध्ये. टाकी आणि तिचे पाईप असे बाजूला पडले. रात्रभर तशीच ठेवून सकाळी झटक्यात चालू झाली तर दोष टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या वाटेत. तरीही छळली तर मग पुढे बघायला तुझी हरकत नको. पण उभ्या गाडीवरच. कॅन बांधून रस्त्यावर पळवायचं साहस कुणालाही करू देऊ नकोस.

तिथून पुढे स्कॅनरचं काम. गॅरेजवाल्याने तुला पी-००८७ हा कोड दाखवला असेल तर त्याचा अर्थ एवढाच की रेलमध्ये हवा तेवढा दाब नाही. पंप गेला असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. चोकअप फिल्टरनेही तोच कोड येतो, एअरनेही, गळक्या नोझलनेही. त्याला म्हण, दादा, सेल्फ मारताना रेलचा दाब किती येतो ते मला पडद्यावर दाखवा. साधारण १५० ते २०० बारच्या खाली घुटमळत राहिला तर गाडी उठत नाही. मग नोझलची रिटर्न तपासणी करायला सांग. चारही नोझलच्या रिटर्नला चार सारख्या बाटल्या लावतात आणि कुठली किती भरते ते बघतात. तिघी सारख्या आणि चौथी दुप्पट भरली तर तो एक नोझल दाब गमावतोय. गरम गाडी चालू होताना जास्त छळते तेव्हा हा संशय मोठा. तुझी थंड असताना छळते, म्हणून मी अजून तिकडे वळत नाही.

गॅरेजमध्ये कुणी म्हणालंच, "ताई, तुम्हाला नाही कळणार," तर रागावू नकोस आणि गाडीपासून हलूही नकोस. मी तशी उभी राहूनच शिकले. काढलेली प्रत्येक वस्तू हातात माग, जुना फिल्टर, जुने वायसर, रिंगसुद्धा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून घे. चार गोष्टी एकदम बदलल्या की गाडी बरी झाली तरी कशाने झाली ते कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी तू पुन्हा त्याच जागी.

डिझेलच्या पंपावरही एक हक्क आहे आपला. शंका आली तर घनता तपासून दाखवा म्हणायचं. काचेचा मापक आणि तापमापी त्यांच्याकडे असायलाच हवी आणि रोजच्या नोंदीशी ताडून दाखवायला हवी. काही दिवस एकाच पंपावर भर आणि पावत्या डॅशबोर्डच्या खणात ठेव.

पंप-नोझलला अजून हो म्हणू नकोस. गॅरेजवाल्याला सांग, सोमवारी कळवते. मी शनिवारी पहिल्या एसटीने येतेय, पारदर्शक नळी, नवे तांब्याचे वायसर आणि दोन क्लिपा घेऊन. फिल्टर तू आणून ठेव, जुन्यावरचा नंबर बघून. शुक्रवारी रात्री गाडी नेहमीसारखी तोंड वर करून लाव, आणि मी पोचेपर्यंत ड्रायव्हरला किल्लीला हात लावू देऊ नकोस. मला ती गार हवीय.